दीड महिना आणि एक रविवार

बाबा,

उद्या दुपारी मी एका आठ वर्षांच्या मुलीला एक प्रश्न विचारणार आहे. त्याआधी मला तुमच्याशी नीट भांडून घ्यायचं आहे, कारण तुम्ही होतात तेव्हा ते राहून गेलं. राहून गेलं म्हणजे मीच मुद्दाम ठेवलं. ते कसं, तेही पुढे लिहिते. तुमच्या फोटोला मी आजवर हार घातलेला नाही. तुमची तिथी येते तेव्हा मावशी पुण्याहून मेसेज करतात, म्हणून कळतं. मावशी म्हणजे तुमची दुसरी बायको. त्यांना आई म्हण, आई म्हण, म्हणून तुम्ही माझ्या किती मागे लागला होतात. मी ‘मावशी’ या हाकेच्या पुढे एक पाऊल टाकलं नाही आणि त्यांनीही कधी आग्रह धरला नाही. तुमच्यापेक्षा त्या शहाण्या निघाल्या.

मी लग्न करायचं म्हणतेय. तो पुण्याचाच आहे, इथे जपानात तोयोसूला तुमच्यासारखीच नोकरी करतो आणि एदोगावात रेल्वेच्या पुलापलीकडे राहतो. माझ्या घरापासून सायकलवर दहा-बारा मिनिटं. त्याची पहिली बायको आजारपणात गेली तेव्हा मुलगी अगदी लहान होती. आता ती तिसरीत आहे, मराठी सगळं समजते आणि उत्तर जपानीत देते, इथल्या बहुतेक पोरांसारखी. त्या घरात तिच्या आईनं पाळलेली एक म्हातारी फेरेट आहे, ते मुंगसासारखं दिसणारं जनावर, आणि माझ्याकडे फेरेटचंच पाच महिन्यांचं एक पिल्लू. लग्न झालं की मी आणि माझं पिल्लू, दोघींनी त्या घरात राहायला जायचं असं ठरतंय. मला जायचं आहे, बाबा. सरळच लिहिते. मला तो आवडतो. संध्याकाळी कुलूप उघडून अंधारात स्वतःच दिवा लावायचा मला कंटाळा आलाय. त्यांच्याकडे दोघांपुरता एक छोटा कुकर आहे, त्याची शिट्टी ऐकली की मला तिथून उठवत नाही. पण त्या मुलीनं हो म्हटल्याशिवाय मी त्या घरात सामान टाकणार नाही, हे मी ठरवलंय. आणि ते ठरवताना डोळ्यांसमोर ती मुलगी कमी आणि तुम्ही जास्त होतात. मला तुमचं उट्टं काढायचं आहे, तेही तुमच्याच पद्धतीनं.

तुमची एक चांगली गोष्ट आधी सांगून टाकते, म्हणजे मग मी मोकळी. भूकंप झाला त्या शुक्रवारी शाळा लवकर सुटली होती आणि मी घरी एकटी होते. आईला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. इमारत हलायला लागली तशी मी ओशिइरेत शिरले, भिंतीतलं ते गाद्या ठेवायचं खोल कपाट, त्याच्या वरच्या कप्प्यात. फोन लागत नव्हते, गाड्या बंद होत्या, तुम्ही तोयोसूहून चालत आलात. कपाटाचं दार सरकवलंत तर मी बाहेर यायला तयार नाही. तुम्ही ओढलं नाहीत, समजूतही घातली नाहीत. अंगातला कोट तसाच ठेवून कपाटासमोर मांडी घालून बसून राहिलात, मी आपणहून पाय खाली सोडेपर्यंत. त्यानंतर मी त्याच कप्प्यात झोपायला लागले. तुम्ही तिथे एक दिवा बसवून दिलात, उशाशी पुस्तकांना फळी ठोकलीत, आणि घरमालक काय म्हणेल याची फिकीर केली नाहीत. दोन खोल्यांच्या त्या घरात ती एवढीच जागा माझी होती आणि मला तेवढी पुरत होती.

त्याच उन्हाळ्यात तुम्ही फेरेट आणलीत. ‘शाळेतून आलीस की घरात कोणीतरी असेल,’ म्हणालात. पुण्याला आत्याला फोनवर तुम्ही ‘एक मुंगूस पाळलंय’ असं सांगितलंत आणि आत्या दोन दिवस बोलली नाही. लांबुडकं अंग, आखूड पाय, डोळ्यांभोवती काळा पट्टा, आणि दिवसातला बहुतेक वेळ झोप. ती माझ्या शाळेच्या स्वेटरच्या बाहीत शिरून झोपायची. घरात अंडंसुद्धा न आणणारे तुम्ही, तिच्यासाठी सामन माशाच्या तेलाची बाटली आणलीत आणि ती दारातल्या बुटांच्या कपाटात ठेवलीत, म्हणजे ती स्वयंपाकघरात आली असं व्हायला नको. मला अजून हसू येतं. पण हसू आलं म्हणून मी तुम्हाला सोडणार नाहीये.

दोन वर्षांनी, फेब्रुवारीत, तुम्ही दुसरी आणलीत. तळहाताएवढं पिल्लू. ‘एकटी राहून कंटाळते ती, तिला सोबत हवी,’ म्हणालात. पहिलीला थोरली म्हणायला लागलात आणि पिल्लाला धाकटी. मला वाटलं, आता दोघींना एका पिंजऱ्यात सोडायचं आणि झालं. तुम्ही मला जे काही समजावून सांगितलंत ते मला शब्दन् शब्द पाठ आहे, कारण तेव्हा मला तुमचा फार अभिमान वाटला होता. तुम्ही सॉफ्टवेअर टेस्टिंगमधले. जेवता जेवता म्हणालात, ‘एकदम लाइव्ह करायचं नसतं कधी. आधी वेगळं ठेवायचं, मग थोडं थोडं जोडायचं, प्रत्येक पायरीवर बघायचं कुठे तुटतंय का. थोरलीचं घर आहे हे. तिच्या घरात परस्पर कोणाला आणून सोडलं तर ती चावणारच. तिची चूक नाही त्यात.’ थोरलीचं घर आहे हे. हे वाक्य तुमच्या तोंडचं आहे, मी पदरचं घातलेलं नाही.

मग दीड महिना चालला तो सोहळा. आधी धाकटी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आणि थोरली माझ्या कपाटाच्या खोलीत, एकीला हात लावला की साबणानं हात धुतल्याशिवाय दुसरीला शिवायचं नाही. मग दोघींच्या झोळ्यांची अदलाबदल, म्हणजे एकीच्या अंगाचा वास दुसरीच्या झोपेत जावा. त्या झोळ्या तुम्ही स्वतःच्या जुन्या बनियनच्या शिवल्या होत्या, वेड्यावाकड्या टाक्यांनी. मग दोन पिंजरे शेजारी शेजारी, मध्ये वीतभर जागा, म्हणजे जाळीतून कोणी कोणाचा पाय पकडायला नको. थोरलीला आधी खायला, थोरलीला आधी बाहेर काढायचं, थोरलीला आधी कुरवाळायचं. आणि सगळ्यात मोठा नियम, जो मी एकदा मोडला म्हणून तुम्ही माझा हात धरून थांबवलंत: थोरली फिसकारली तरी तिला धाकटीसमोर रागवायचं नाही. ‘आपलं माणूसच आपल्यावर उलटलं असं वाटतं तिला,’ असं म्हणाला होतात. एका फेरेटच्या मनात काय येत असेल याचा तुम्ही इतका विचार केला होतात.

पहिली भेट न्हाणीघरात. तिथे दोघींपैकी कोणीच राहिलेली नव्हती, म्हणून ती जागा कोणाचीच नाही. दोघींना एकाच शांपूनं आंघोळ, आणि धाकटीच्या मानेवर सामनचं तेल, म्हणजे थोरली मान पकडायला आली की चावायच्या ऐवजी चाटत बसेल. तरी तिनं पकडलीच. मानगुटीला धरून फरशीवरून फरफटत नेलं आणि धाकटी अशी किंचाळली की मी धावले. तुम्ही म्हणालात, ‘थांब. रक्त आलं तर सोडवायचं, भीतीनं शी केली तर सोडवायचं, नाहीतर मध्ये पडायचं नाही. त्यांचं त्यांना ठरवू दे.’ मी तुमच्याजवळ उकिडवी बसून राहिले. शाळेतून आल्यावर रोज तेच काम होतं माझं. पिंजरे सरकवायचे, झोळ्या बदलायच्या, तुम्ही घरी आलात की काय झालं ते सांगायचं. मार्चच्या शेवटी एका दुपारी दोघी एका झोळीत, एकीचं डोकं दुसरीच्या पोटावर, अशा झोपलेल्या सापडल्या. मी तुम्हाला ऑफिसात फोन केला आणि तुम्ही चक्क मीटिंगमधून बाहेर येऊन ऐकलंत. ‘शाबास. आता सगळं तयार आहे,’ म्हणालात. काय तयार आहे ते मी विचारलं नाही.

त्यानंतरचा रविवार. सकाळी तुम्ही म्हणालात, ‘पुण्याहून पाहुणे येतायत, मी नारिता विमानतळावर जातो. तू औक्षणाचं ताट करून ठेव.’ मी निरांजन घासलं, कुंकू काढलं, साखर वाटीत घातली. दारावरची बेल वाजली आणि तुम्ही सगळ्यांच्या पुढे एकटे आत आलात. स्वयंपाकघरात जाऊन स्टीलचा पेला काढलात, तो तांदळानं शिगोशीग भरलात आणि दारात, जिथे बूट काढतो तिथल्या पायरीच्या कडेला आणून ठेवलात. मी हातात ताट घेऊन बघत होते. माप कोणासाठी ठेवतात हे मला माहीत होतं, बाबा. मी नववीत होते, पाळण्यात नव्हते. दारात एक बाई उभ्या होत्या, जांभळी साडी, वर कोट, हाताशी धरलेली पाच वर्षांची एक मुलगी. त्यांनी उजव्या पायानं पेला लवंडला आणि तो जपानी तांदूळ, चिकट आणि बुटका, सगळ्या बुटांमध्ये सांडला. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, ‘ओवाळ ना, बघतेस काय.’ मी ओवाळलं. डिसेंबरात तुम्ही मला शेजारच्या तमिळ काकूंकडे ठेवून पुण्याला जाऊन आला होतात, ‘फ्लॅटच्या कागदांवर सह्या करायच्यात,’ म्हणून. सह्या केल्या होत्यातच, फक्त लग्न नोंदवतात त्या ऑफिसात. पुढे कित्येक दिवस माझ्या शाळेच्या बुटांतून तांदळाचे दाणे निघत होते.

यानंतर जे झालं ते मी कधी कोणाला सांगितलेलं नाही, कारण ते सांगताना मीच हास्यास्पद दिसते. ती छोटी मुलगी बूट काढून सरळ पिंजऱ्याकडे धावली आणि विचारलं, ‘काका, माझी कुठली? छोटी माझी ना?’ तुम्ही म्हणालात, ‘हो, धाकटी तुझी. तायडीनं तुझ्यासाठी किती छान सांभाळलीय बघ.’ म्हणजे ते पिल्लू थोरलीला सोबत म्हणून आलेलंच नव्हतं. त्या मुलीला फोनवर कबूल केलेली भेट होती ती, पुणं सोडायला राजी व्हावी म्हणून. आणि दीड महिना मी माझ्या हातांनी, साबणानं धुतलेल्या हातांनी, तिची जागा तयार करत बसले होते. केसानं गळा कापणं म्हणतात ते याला. जेवताना तुम्ही खुशीत येऊन म्हणालात, ‘आता आपल्याकडे दोन थोरल्या आणि दोन धाकट्या.’ मावशी हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पानातला भात चिवडत राहिल्या.

आणि मग झोपायची वेळ. मुलीनं माझं कपाट पाहिलं, वर चढली, दिव्याचं बटण खटखट केलं आणि म्हणाली, मी इथेच झोपणार. तुम्ही म्हणालात, ‘झोपू दे. तू मोठी आहेस ना आता.’ मी तिला कॉलर धरून खाली ओढलं. लागलं काही नाही, पण ती मोठ्यानं किंचाळली. मला वाटलं, तुम्हाला तरी कळेल हे काय चाललंय, तुमच्याइतकं ते कोणाला माहीत होतं? तुम्ही त्या दोघींसमोर मला म्हणालात, ‘लाज नाही वाटत? एवढ्याशा पोरीवर हात टाकतेस? आईनं हेच शिकवलं का तुला?’ आईला मध्ये आणलंत. ज्या बाईला तुम्ही नुकतीच माप ओलांडून आत घेतली होतीत, तिच्यासमोर. मी माझी गादी काढली आणि बाहेर टेबलाखाली घातली. रक्त आलं नाही म्हणून तुम्ही मध्ये पडला नाहीत, असंही म्हणता येत नाही, कारण तुम्ही पडलात, आणि पडलात ते पलीकडच्या बाजूनं. थोरल्या फेरेटला तुम्ही दीड महिना दिलात. मला एक रविवार, तोही दुपारनंतरचा.

मी तेव्हाच ठरवलं की वचपा काढायचा. आरडाओरडा मला जमत नाही, म्हणून मी तुमच्याशी मराठीत बोलणं बंद केलं. दुसऱ्या दिवसापासून मी तुमच्याशी जपानीत बोलायला लागले, आणि साध्या घरगुती जपानीत नव्हे, तर दुकानातली माणसं गिऱ्हाइकाशी बोलतात तशा आदबशीर जपानीत. तुम्ही पाणी मागितलंत की ‘कशिकोमारिमाशिता’, म्हणजे जशी आपली आज्ञा. शाळेतून आले की परतल्याची नम्र सूचना. एखादी मुलगी बापाशी अशी बोलायला लागली तर इथल्या कुठल्याही माणसाच्या अंगावर काटा येईल. तुमच्या कानाला मात्र ते गोड लागलं. ऑफिसातल्या लोकांना घरी बोलावून तुम्ही मला बोलायला लावायचात आणि म्हणायचात, ‘बघा, किती सुंदर जपानी बोलते.’ तो तुमचा जपानी साहेब मान खाली घालून चहा प्यायला, आठवतं? त्याला कळलं होतं. मी तुम्हाला रोज चाबूक मारत होते आणि तुम्ही पाठ पुढे करून कौतुक करत होतात. तीन वर्षं हे चाललं. मग एका सकाळी ऑफिसात तुम्ही खुर्चीतून खाली कोसळलात आणि हॉस्पिटलात पोचेपर्यंत संपलात. मला त्या जपानीचं वाईट वाटत नाही. तुम्हाला ती कळली नाही, याचा मात्र राग अजून जात नाही.

मावशी आणि त्यांची मुलगी पुण्याला परत निघाल्या त्या आठवड्यात मी त्यांना सामान बांधायला मदत करत होते. मावशी साड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाल्या, ‘तू हो म्हणालीस म्हणून मी आले गं. नाहीतर नसते आले.’ मी म्हटलं, मी कधी हो म्हणाले? त्यांचे हात थांबले. ‘मला म्हणाले होते, मुलीला विचारलंय. म्हणाली, या मावशींना घेऊन, मला आवडेल.’  त्यांनासुद्धा तुम्ही तसंच आणून सोडलं होतंत, बाबा. तीन वर्षं त्या बाईला वाटत होतं की ही पोरगी आपणहून हो म्हणून मग उलटली, आणि मला वाटत होतं की ही बाई बेधडक आली. दोघींनाही तुम्ही एकाच वाक्यात गुंडाळलंत. त्यानंतर मावशींशी माझं चांगलं जमलं, पण तोवर त्यांचं विमानाचं तिकीट काढून झालं होतं.

तर ही तुमची पद्धत. ती मी सोडली नाही, उलट त्यात मी इथे नाव काढलंय. नदीकाठच्या मैदानावर फेरेट पाळणाऱ्यांचा मेळावा भरतो, तिथे नवीन पिल्लू आणलेली माणसं माझ्याकडे येतात. न्हाणीघर, तेल, झोळ्या, सगळं मी समजावून सांगते. कोणी विचारलं की हे कुठे शिकलात, तर मी म्हणते, माझं मीच. तुमचा उल्लेखसुद्धा करत नाही. आणि आता हीच पद्धत मी त्या मुलीसाठी वापरतेय. त्या घरात फेरेटमध्ये ती म्हातारी थोरली आहे, तशी माणसांत ती मुलगीच थोरली आहे, आणि धाकटी मी. गेले कित्येक रविवार मी सायकलवर पिंजरा बांधून जाते. पहिल्यांदा दारातच बसले, आत गेले नाही. मग नुसत्या झोळ्यांची अदलाबदल, ती मुलीनं स्वतःच्या हातानं केली. मी तिच्या आईच्या खुर्चीवर बसत नाही, तिच्या बाबांच्या शेजारी बसत नाही, काहीही घ्यायच्या आधी तिला विचारते. न्हाणीघरातल्या पहिल्या भेटीला माझं पिल्लू किंचाळलं तेव्हा तिनं माझा हात पकडला आणि मी तिला म्हटलं, थांब, रक्त आलं तर सोडवू. ती थांबली. गेल्या रविवारी दोन्ही फेरेट एका झोळीत झोपलेल्या होत्या. मुलगी मला ओनेसान म्हणते, म्हणजे ताई, आणि हल्ली स्वतःचे शाळेतले प्रताप सांगते.

तो मात्र घाईला आलाय. परवा फोनवर म्हणाला, ‘झालं की आता. पुढच्या रविवारी सामान घेऊन ये, बाकीचं आपोआप होईल.’ मी म्हटलं, तिला विचारलंस? तो म्हणाला, ‘लहान आहे ती, तिला काय विचारायचं? होईल सवय.’ मी फोन कानापासून लांब धरला. वाक्य तुमचं होतं, आवाज नव्हे. त्याचा आवाज चांगला आहे, माणूसही तुमच्यापेक्षा बरा आहे. पण मी त्याला सांगितलं की या रविवारी मीच विचारणार, आणि ती म्हणेल तसं होईल. तो म्हणाला, ‘आणि नाही म्हणाली तर?’ मी म्हटलं, नाही म्हणणार नाही. मी सगळं नीट केलंय. आणि ती हो म्हणाली की मी तुम्हाला इथे, याच कागदावर, मोठ्या अक्षरात लिहून दाखवणार आहे की हे असं करतात. हे पत्र पाठवायचं नाहीच. तुमच्या हाती पडलं असतं तर चार लोकांत वाचून दाखवून तुम्ही म्हणाला असतात, बघा, किती छान मराठी लिहिते.

आता रविवारची संध्याकाळ आहे. पुढचं लिहिते.

दुपारी जेवणं झाली, तो भांडी घासत होता. मी मुलीला म्हटलं, तुला एक विचारायचंय आणि तू देशील ते उत्तर चालेल, खरंच चालेल, मी रागावणार नाही आणि बाबाही रागावणार नाहीत. मी इथे राहायला येऊ का? ती पिंजऱ्याजवळ गेली, झोळीत दोघी झोपल्या होत्या त्यांच्याकडे बघितलं, बोटानं माझ्या पिल्लाचं नाक शिवलं. मग उभी राहून, शाळेत बाईंना उत्तर देतात तसे हात सरळ ठेवून जपानीत म्हणाली, ‘छोटी राहू दे. ओनेसाननं घरी जावं.’ आणि मग मान तुकवली. वाईटपणा नव्हता त्यात. तिला विचारलं गेलं होतं आणि तिनं विचार करून उत्तर दिलं. भांड्यांचा आवाज थांबला. तो ओले हात घेऊन बाहेर आला आणि तिला काही म्हणणार, तेवढ्यात मी म्हटलं, तिला माझ्यासमोर रागवायचं नाही. आत्ता नको की कधीच नको, हे मी तिला विचारलं नाही. का, तेही नाही. एकदा उत्तर मिळाल्यावर कारण विचारणं म्हणजे घासाघीस झाली. मी म्हटलं, बरं. छोटीला संध्याकाळी तेलाचे दोन थेंब द्यायचे असतात. ती म्हणाली, माहीत आहे. मी कोट घातला, रिकामा पिंजरा उचलला. तो दारापर्यंत आला आणि हळूच म्हणाला, ‘मी समजावतो तिला.’ मी म्हटलं, तू तिला समजावलंस तर मी कधीच येणार नाही.

बघितलंत? एवढंच असतं ते. प्रश्न विचारायला घोटभर पाणी पिण्याइतका वेळ लागतो, आणि घरी जायला सायकलवर दहा मिनिटं. कोणी मरत नाही. तुम्हाला पुण्याला एक फोन करून सांगता आलं असतं की मुलगी नको म्हणतेय, थांबू या. मावशी थांबल्या असत्या, त्यांनी मला तसं सांगितलंय. मी पिंजरा हँडलला अडकवून निघाले, वाटेत कोंबिनीतून, त्या रात्रंदिवस उघड्या दुकानातून, रात्रीसाठी ओनिगिरी घेतली, काउंटरवरच्या मुलीनं भाताचा गोळा गरम करू का म्हणून विचारलं, आणि मी ‘हो’ म्हणताना रडायला लागले. ती बिचारी माफी मागत राहिली. घरी आले, कुलूप उघडलं, दिवा लावला. तुमच्यावर मी मात केली, बाबा. तुम्ही जे केलं नाहीत ते मी केलं, निगुतीनं केलं, आणि आता माझ्या घरात फेरेटसुद्धा नाही. त्याचे दोन फोन येऊन गेले, मी उचलले नाहीत. काय सांगू त्याला? मी नीट वागले एवढंच माझ्या हातात आहे, आणि ते घेऊन मी टेबलाशी बसलेय.

तुम्ही मला का विचारलं नाहीत, याची मी इतकी वर्षं हजार कारणं काढली. तुम्ही स्वार्थी होतात, भित्रे होतात, माझी किंमत एका जनावराएवढीही नव्हती. यातलं एकही मी मागे घेत नाही. पण आज सायकलवर येताना मला तो दीड महिना दुसऱ्या बाजूनं आठवला. रोज घरी आल्यावर तुम्ही मला विचारायचात, ‘आज थोरली काय म्हणतेय?’ आणि मी सांगायचे, फिसकारली. मग तुम्ही थोडा वेळ माझ्याकडे बघत उभे राहायचात, काहीतरी विचारायचं असल्यासारखे, आणि मग हात धुवायला जायचात.

एवढं मात्र कबूल करते. तुम्ही विचारलं असतंत तर मी नाही म्हणाले असते. पुढच्या वर्षी विचारलं असतंत, तरी नाहीच म्हणाले असते.